जुन्या नॅसवर काय घालावं: डेबियन की ओपनडब्ल्यूआरटी?

ऑफिसातून बाद झालेली किंवा नातेवाइकाने ‘आता चालत नाही’ म्हणून दिलेली दोन डिस्कची नॅस पेटी (घरच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फाइल्स ठेवणारी) हाती आली, की पहिला निर्णय सोपा असतो. कंपनीचं मूळ फर्मवेअर, म्हणजे आत आधीपासून असलेली सिस्टिम, काढायचं. अशा बऱ्याच पेट्यांना एसएमबी१ या फाइल शेअर करायच्या जुन्या पद्धतीच्या पुढचं काही येत नाही आणि विंडोज १० मध्ये २०१७ पासून ते आपोआप मिळत नाही. शिवाय जून २०२१ मध्ये जगभरच्या वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह पेट्यांमधला डेटा इंटरनेटवरून परस्पर पुसला गेला. त्या पेट्यांचं शेवटचं अपडेट २०१५ चं होतं.

अडायला होतं ते दुसऱ्या निर्णयापाशी. लिनक्स घालायचं, पण कुठलं? पूर्ण डेबियन, की राउटरसाठी जन्मलेलं ओपनडब्ल्यूआरटी? गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी मी दोन्ही एकाच पेटीवर आलटूनपालटून बरीच वर्षं चालवली आहेत. पेटी मार्व्हेलच्या किर्कवूड चिपची: एआरएमव्ही५ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, १२८ एमबी नॅंड फ्लॅश (बोर्डावरचीच कायमची मेमरी). झायझेलची एनएसए३२५, सीगेटची गोफ्लेक्स होम, आयोमेगाची आयएक्स२-२०० ही सगळी याच घराण्यातली. तुमच्याकडे यांपैकी काही असेल तर पुढचं बहुतेक लागू पडेल. मात्र रॅम आणि फ्लॅश पेटीगणिक वेगळी असते, तेवढं आधी बघून घ्या.

घरच्या पेटीवर काय आहे तेही सांगतो, कारण निवड त्यावरच ठरते. देवळातल्या उत्सवी नाटकांची रेकॉर्डिंग, भजनी मंडळाच्या जुन्या हस्तलिखित वह्यांचे स्कॅन, एक-चौदाचे (सातबारासारखे) उतारे, पोर्तुगीज काळातले जमिनीचे कागद आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो. यातली नाटकं दुसऱ्या कुणाकडे नाहीत. त्यांत काम केलेली काही माणसंही आता नाहीत. त्यामुळे पेटी किती वेगाने चालते याला माझ्या लेखी फार किंमत नाही. ती चालू असावी आणि आतलं शाबूत राहावं, एवढंच मला हवं असतं.

वेगाचं लगेच उरकतो. दोन्हींत मला फरक जाणवला नाही. चिप तीच, फाइल्स शेअर करणारा सांबा तोच. घरातलं वायफाय या पेटीच्या आधीच दमतं, त्यामुळे हा मुद्दा मनातून काढून टाकलात तरी चालेल.

डेबियनची ओढ मी नाकारणार नाही. एपीटी या एका आज्ञेने हवं ते पॅकेज येतं, त्याचं मॅन्युअल सोबत येतं आणि कॉलेजात लिनक्स शिकलेल्या कुणालाही ती पेटी हाताळता येते. बोर्गने बॅकअप, आरसिंकने फाइल्सची नक्कल, मिनीडीएलएनएने टीव्हीवर व्हिडिओ, डिस्कच्या तब्येतीचे स्मार्ट अहवाल ईमेलने मागवणं, सगळं दहा मिनिटांत उभं राहतं. देवनागरी फाइलनावांचा प्रश्नच येत नाही. ओपनडब्ल्यूआरटीत मात्र पहिल्या दिवशी धक्का बसतो. एसएसएचने दुरून आत शिरून फाइलींची यादी दाखवणारं ‘एलएस’ मारलं की नाटकांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. नावं बिघडलेली नसतात. तिथला बिझीबॉक्स (आज्ञांचा आटोपशीर संच) युनिकोड दाखवत नाही एवढंच. कोरयुटिल्स या पूर्ण संचातलं ‘एलएस’ वेगळं टाकलं की नावं नीट दिसतात आणि शेअरवर, टीव्हीवर, फोनवर तर ती पहिल्यापासून नीटच असतात. पेन ड्राइव्ह जोडणार असाल तर एक्सफॅट आणि यूटीएफ-८ ची कर्नल (लिनक्सचा गाभा) मोड्यूल्स आठवणीने घाला.

अपग्रेडच्या बाबतीतही डेबियन अंगवळणी पडलेलं आहे. ओपनडब्ल्यूआरटीत सिसअपग्रेडने नवी आवृत्ती घातली की सेटिंग्ज राहतात पण वरून टाकलेली पॅकेजेस जातात, ती पुन्हा घालावी लागतात. फर्मवेअर सिलेक्टरच्या पानावर आपली पॅकेजेस आधीच मिसळून इमेज बनवून घेता येते. मी हल्ली तसंच करतो. तरीही एपीटीइतकं ते सुटसुटीत नाही, हे मान्य.

आता ज्या एका त्रासामुळे माझं पारडं फिरलं, त्याबद्दल.

आमच्याकडे मिरग लागला की लाइट जाते. कधी फांदी पडते, कधी गडगडाट होतो, कधी काहीच न होता जाते. जाऊन पाच मिनिटांत येते, पुन्हा जाते, आणि दुसऱ्यांदा गेली ती नेमकी पेटी अर्धी चालू झालेली असताना. इन्व्हर्टर आहे, पण साध्या घरगुती इन्व्हर्टरला वीज उचलायला जो क्षण लागतो तेवढ्यात पेटी रीस्टार्ट होते. राउटरसाठी मिळणारा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावून पाहायचा विचार कुणाच्याही मनात येईल. पण दोन साडेतीन इंची डिस्क एकदम फिरू लागतात तेव्हा त्यांना जेवढा करंट लागतो, तेवढा तो देऊ शकत नाही.

डेबियन मी सर्वांसारखंच डिस्कवर ठेवलं होतं. फ्लॅशमध्ये फक्त यू-बूट (पेटी सुरू करणारा प्रोग्रॅम), बाकी कर्नलपासून रूटपर्यंत (मूळ फाइल-सिस्टिम) सगळं डिस्कवर. वीज अशी तुटत तुटत गेली की ईएक्सटी४ या फाइल-सिस्टिमचा जर्नल (बदलांची नोंदवही) बहुतेक वेळा सांभाळून घेतो. पण जुन्या पेटीतला घड्याळाचा सेल संपलेला असतो. दमट हवेत त्याच्या पत्र्यावर हिरवट थर चढतो आणि सेल नवा घातला तरी तो टेकेलच असं नाही. मग वीज आल्यावर पेटीला वाटतं की आपण कित्येक वर्षं मागे आहोत. एफएससीके डिस्क तपासायला घेतो आणि त्याला दिसतं की ही डिस्क शेवटची भविष्यकाळात माउंट झाली (सिस्टिमला जोडली गेली) होती. तो आपणहून पुढे जात नाही, माणसाने येऊन हाताने तपासावं म्हणतो आणि थांबतो. पेटीला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. नेटवर्क अजून सुरू झालेलं नाही. बाहेरून दिसतो फक्त एक लुकलुकणारा दिवा. पिंग लागत नाही.

मी असतो पणजीला कामावर. घरून आईचा फोन येतो, ‘अरे, टीव्हीवर नाटकं दिसत नाहीत.’ त्यावर उपाय म्हणजे पेटीचं झाकण उघडायचं, बोर्डावरच्या पिनांना यूएसबी-टीटीएल सिरियल केबल लावायची, ३.३ व्होल्टचीच, ११५२०० बॉडवर जोडायचं आणि एका प्रश्नाला ‘वाय’ म्हणायचं. हे आईला फोनवरून सांगून होण्यासारखं नाही. चवथीला मुंबई-पुण्याची सगळी घरी आलेली असतात, पाऊस असतोच, आणि पेटी नेमकी तेव्हा अशी मुकी बसते.

यावर डेबियनमध्ये इलाज आहेत, आणि ते न सांगणं बरोबर होणार नाही. ई२एफएससीकेच्या कॉन्फिगमध्ये ‘ब्रोकन सिस्टिम क्लॉक’ चालू केलं की घड्याळाची तक्रार थांबते. फेक-हार्डवेअर-क्लॉक पॅकेज शेवटची माहीत असलेली वेळ जपून ठेवतं. दुसऱ्या डिस्कला एफएसटॅबमध्ये (डिस्कांच्या यादीत) ‘नोफेल’ लिहिलं की ती न मिळाल्यास सिस्टिमडी (बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) आणीबाणीच्या शेलमध्ये अडकून पडत नाही. हे सगळं मी केलं, आणि खूपच फरक पडला. पण मुळातली गोष्ट तशीच राहते: रूट त्याच डिस्कवर आहे. त्या डिस्कला खरंच काही झालं तर पेटीशी बोलायची वाट केबलखेरीज उरत नाही. त्यातच कर्नल अपडेट झालं की या चिपवर इनिटरामएफएस (सुरू होताना लागणारी छोटी सिस्टिम) बांधायला काही मिनिटं जातात, आणि मी ती मिनिटं आकाशाकडे बघत काढत असे.

ओपनडब्ल्यूआरटीत ही वाटच वेगळी आहे. मूळ सिस्टिम फ्लॅशमध्ये, स्क्वॉशएफएसमध्ये, न बदलणारी. तुमच्या सेटिंग्ज तिच्यावरच्या वेगळ्या थरात. डिस्क निरोगी असो, आजारी असो की पेटीत नसोच, पेटी मिनिटाभरात नेटवर्कवर येते. मग मी पणजीहून व्हीपीएनने आत शिरतो, डिस्क का माउंट झाली नाही ते लॉगमध्ये वाचतो, शांतपणे एफएससीके चालवतो आणि सांबा सुरू करतो. आईला फोन करावा लागत नाही. पेटी उघडावी लागत नाही. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मला जो सुटल्याचा आनंद झाला, तो कुठल्याही बेंचमार्कने मिळाला नसता.

एक काळजी मात्र घ्या. डिस्क माउंट झाली नाही आणि कुणी शेअरवर फोटो टाकू लागलं, तर ते रिकाम्या फोल्डरमधून थेट फ्लॅशमध्ये उतरतात आणि ती भरून जाते. माउंट होण्याआधी तो फोल्डर फक्त रूट यूजरलाच लिहिता येईल असा करून ठेवा आणि शेअरला वेगळा यूजर द्या.

फ्लॅशवर सिस्टिम असल्याचा दुसरा लाभ मला नंतर कळला. डेबियन डिस्कवर सतत काही ना काही लिहीत असतं, त्यामुळे डिस्क क्वचितच झोपते. ओपनडब्ल्यूआरटीवर एचडी-आयडल लावलं की रात्री दोन्ही डिस्क थांबतात, आणि मे महिन्याच्या उकाड्यात पेटी हाताला पूर्वीसारखी तापलेली लागत नाही. डिस्कचं आयुष्य त्याने वाढतं की नाही यावर जाणकारांत मतं वेगवेगळी आहेत. झोपायच्या खोलीशेजारी पेटी असणाऱ्याला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटणार नाही.

आणि काळ कुणाच्या बाजूने आहे, तेही बघावं. डेबियनने या छोट्या पेट्यांची फार साथ दिली. २००४ च्या लिंकसिस एनएसएलयू२ ची रॅम अवघी ३२ एमबी, तीवरसुद्धा डेबियन चालायचं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ट्रिक्सी या आवृत्तीत आर्मेलसाठी (किर्कवूडसारख्या जुन्या एआरएम चिपांसाठी) इन्स्टॉलर नाही, आणि कर्नल आहे तो फक्त पहिल्या रास्पबेरी पाय आणि पाय झीरोंपुरता. किर्कवूडसाठी कर्नल देणारी शेवटची आवृत्ती म्हणजे २०२३ ची बुकवर्म. ओपनडब्ल्यूआरटीने २०२५ च्या फेब्रुवारीत काढलेल्या २४.१० मध्ये किर्कवूड अजून आहे.

तुमची पेटी एआरएमव्ही७ ची असेल, म्हणजे नेटगिअरची रेडीनॅस १०२ वगैरे, तर हे गणित बदलतं. तिथे डेबियनचं आर्मएचएफ (या चिपांसाठीचं रूप) चालू आहे, आणि घरात भरवशाचा यूपीएस असेल तर मी तिथे डेबियनला नाही म्हणणार नाही. नेक्स्टक्लाउड (घरचंच क्लाउड) किंवा चेहरे ओळखणारं फोटो-अॅप हवं असेल तर दोन्ही सोडा. त्यासाठी एखादा जुना एक्स८६ संगणक बघा, ही रॅम त्याला पुरणारी नाही.

यू-बूट बदलताना जोखीम दोन्हीकडे सारखीच. लाइट जाणार नाही असा दिवस निवडा, यूएसबी-टीटीएल केबल आधी आणून ठेवा आणि केडब्ल्यूबूट चालवून बघा. यू-बूट बिघडलंच तर सिरियलवरून नवं ढकलता येतं. सगळ्या किर्कवूड बोर्डांवर ते सारखं चालत नाही, म्हणून गरज पडायच्या आधीच करून बघितलेलं बरं.

डेबियनवाचून ज्यांना चैन पडत नाही, त्यांच्यासाठी माझ्या भाच्याने काढलेली तोड आहे. तो बोर्ग सोडायला तयार नव्हता. सिस्टिम फ्लॅशमधल्या ओपनडब्ल्यूआरटीचीच, आणि डिस्कवर एका फोल्डरात डिबूटस्ट्रॅपने उभं केलेलं आर्मेल डेबियन, क्रूटमधून (त्या फोल्डरालाच मूळ सिस्टिम मानून) चालणारं. कर्नल ओपनडब्ल्यूआरटीचं असल्याने ट्रिक्सीत ते नसल्याचा अडथळा येत नाही. रात्री ठरल्या वेळी क्रॉन क्रूटमध्ये शिरतो, बोर्गचा बॅकअप घेतो आणि बाहेर पडतो. डिस्क रुसली तर त्या रात्रीचा बॅकअप राहतो. पेटी मात्र नेटवर्कवर असते, आणि भाचा पुण्याहून ती दुरुस्त करतो.