उन्हाळी कांद्याचं बी: घरचं, सुधारित वाणाचं की संकरित?

कांदा चाळीत (हवेशीर साठवणघरात) ठेवून विकायचा असेल, तर बी निवडताना नुसतं एकरी उत्पन्न बघून चालत नाही. टिकवण, रंग आणि माल एकसारखा निघणं, तिन्ही बघावं लागतं. कांदा परपरागित पीक आहे. फुलातले पराग आधी गळतात, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. मधमाशी जिथून पराग आणेल तो बाप.

घरच्या बियाण्याची खरी ताकद चाळीत आहे. एप्रिलमध्ये काढलेला कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत ठेवला की सडणारे, कोंब येणारे आपोआप बाद होतात. उरलेल्यातून ६० ते ८० ग्रॅमचे, बारीक मानेचे, एका रंगाचे कांदे घ्या. लावताना वरचा तिसरा हिस्सा कापा. आत एकच डोळा दिसला तर ठेवा. दोन-तीन दिसले तर तो जोडकांद्याच्या वळणाचा, बाजूला काढा. मूठभर कांद्यांवर बी धरू नका, निदान दोनशे हवेत. नाहीतर दोन-तीन पिढ्यांत वाण खुजं होत जातं.

सगळ्यात जास्त वाटोळं होतं ते डेंगळ्यांच्या, म्हणजे कांदा पोसण्याआधीच फुलोऱ्याचा दांडा काढणाऱ्या झाडांच्या बियाण्यानं. रब्बीच्या उभ्या पिकात फुलावर आलेल्या झाडांचं बी फुकट मिळतं, स्वस्तात विकलंही जातं. पण त्यात निवड झालेली असते ती लवकर फुलणाऱ्या झाडांची, म्हणजे पुढच्या वर्षी डेंगळे आणखी वाढणार.

दुसरी अडचण अंतराची. प्रमाणित (तपासून शेतकऱ्याला विकायच्या) बियाण्याला दुसऱ्या कांद्याच्या बीजप्लॉटपासून ५०० मीटर, पायाभूतला (ज्यापासून प्रमाणित बी तयार करतात) १००० मीटर अंतर लागतं. दोन-तीन एकरवाल्याला ते शेजाऱ्यांच्या संमतीशिवाय जमत नाही. शेजारी लाल किंवा पांढऱ्या कांद्याचं बी धरलेलं असेल, तर रंगाची खिचडी ठरलेली.

अंतर मिळत नसेल तर सुधारित वाणाचं प्रमाणित बी घ्या: निफाडचं एन-२-४-१, राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचं भीमा किरण किंवा भीमा शक्ती. संकराइतका एकसारखा माल येणार नाही, पण टिकवण चांगली आणि पुढे बी धरता येतं.

संकरित कांदा आकाराला, रंगाला सारखा आणि माना एकदम पडतात, त्यामुळे काढणी सोपी. बी मात्र दरवर्षी विकत. संकरासाठी वापरलेलं मादी वाण नरवंध्य, म्हणजे स्वतःचा पराग नसलेलं असतं, आणि विकायचा माल बी नसून कांदा असल्यामुळे संकरात पराग परत आणण्याची गरज नसते. त्यामुळे अनेक संकरांच्या गोंड्यांत (फुलांच्या गुच्छांत) परागच नसतो. धरलं तरी ते बी शेजारच्या परागाचं. लगेच विकायच्या मालाला संकरित परवडतं. पाच महिने ठेवायचा असेल, तर त्या वाणाचा कांदा ऑगस्टमध्ये कुणाच्या तरी चाळीत बघितल्याशिवाय घेऊ नका.

बी कुठलंही असो, कांद्याच्या बियाण्याची उगवण वर्षभरात झपाट्यानं घसरते. रोप टाकण्याआधी १०० बिया ओल्या कागदात गुंडाळा, बाराव्या दिवशी मोजा. सत्तरच्या खाली असेल तर बी बदला.