कमिशनवाला, रिसेलर की डिस्ट्रिब्युटर? पार्टनर नेमण्याआधी

पुण्या-मुंबईत स्वतःची माणसं ठेवून सॉफ्टवेअर विकता येतं. सांगली, लातूर, जळगावला तसं परवडत नाही आणि मग पार्टनर नेमायचा विषय निघतो. समोर तीन वाटा असतात. एक, गिऱ्हाइकाची गाठ घालून देऊन कमिशन घेणारा. दुसरा, लायसन्स स्वतः विकत घेऊन मार्जिनवर विकणारा रिसेलर. आणि तिसरा, रिसेलरांच्याही वर बसणारा डिस्ट्रिब्युटर. बहुतेक कंपन्यांत चर्चा टक्क्यांपासून सुरू होते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: विक्री झाल्यावर ग्राहकाचा फोन उचलणार कोण?

जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायची २० तारीख डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळचे सात वाजलेत, दुकानदाराच्या टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आकडे जुळत नाहीत. तो टॅलीच्या बंगळुरूच्या मुख्य कचेरीला फोन लावत बसत नाही. गावातल्या ‘टॅलीवाल्या’ला लावतो. हा टॅलीवाला एनीडेस्कवरून (दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) आत शिरतो, चुकीच्या लेजरला (खात्याला) लागलेला कर दाखवतो आणि दहा मिनिटांत काम मोकळं होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, सक्तीचा झाला. अशा प्रत्येक वळणावर गावातला हा माणूसच कामाला येतो. तुमचं उत्पादन या जातीचं असेल, म्हणजे बिलिंग, पगारपत्रक, ईआरपी (धंद्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), तर रिसेलरला पर्याय नाही.

आता हिशेब. समजा लायसन्स वर्षाला २०,००० रुपयांचं आहे. कमिशनवाल्याला १० टक्के दिले तर हातात १८,००० राहतात. रिसेलरला ३० टक्के मार्जिन दिलं तर १४,०००. कागदावर पहिला सौदा चार हजारांनी सरस दिसतो. पण कमिशनवाल्याच्या बाबतीत डेमो, इन्स्टॉलेशन, ट्रेनिंग, सपोर्ट सगळं तुमच्या गळ्यात. पुण्याहून एक माणूस सांगलीला पाठवला, रात्रीचा मुक्काम पडला, की त्या चार हजारांतलं फारसं काही उरत नाही. आणि ग्राहक एका भेटीत शिकतो असं थोडंच आहे!

कमिशनच्या बाजूनेही बोलायला हवं. बिल तुमच्या नावाने जातं, ग्राहकाचा नंबर तुमच्याकडे राहतो, उधारी अडकत नाही. कागदपत्रंही कमी. कमिशनवर टीडीएस कापायचा, तोही ऑक्टोबर २०२४ पासून ५ ऐवजी २ टक्के. समोरच्याची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला सहसा जीएसटी नोंदणीही लागत नाही, त्यामुळे टॅक्स कन्सल्टंट, हार्डवेअरवाला, असं कुणीही पटकन जोडता येतं. घरबसल्या ऑनलाइन चालू करता येणारं, शिकवावं न लागणारं उत्पादन असेल तर मी याच वाटेने जाईन.

रिसेलरचं दुखणं उधारीत आणि भावात. दोन रिसेलर एकाच पार्टीकडे पोहोचले की एक जण स्वतःचं मार्जिन सोडून भाव पाडतो, दुसरा तुमच्या नावाने बोटं मोडत बाहेर पडतो. यावरचा रुळलेला उपाय म्हणजे डील रजिस्ट्रेशन: आधी नोंदवील त्याला ठरावीक मुदतीपुरता तो ग्राहक राखून ठेवायचा. मात्र तो नियम तुमच्या स्वतःच्या सेल्सवाल्यांनाही लागू हवा. कॉम्प्युटर बनवणाऱ्या डेलने वर्षानुवर्षं थेट विक्रीवर नाव कमावलं आणि डिसेंबर २००७ मध्ये ‘पार्टनरडायरेक्ट’ ही पार्टनरांसाठीची योजना आणली. तिच्यात डील रजिस्ट्रेशन होतं, कारण पार्टनरांच्या मनातली धास्ती उघड होती: आपण शोधलेलं गिऱ्हाईक डेलचाच माणूस पळवेल.

डिस्ट्रिब्युटरबद्दल थोडक्यात. रेडिंग्टन, इनग्राम मायक्रो यांसारख्या कंपन्या शेकडो दुकानांपर्यंत माल पोचवतात आणि त्या दुकानांना उधारी देतात. पण तुमचं उत्पादन समजावून सांगत त्या फिरणार नाहीत. जे आपोआप मागितलं जातं, तेच तिथे खपतं. अँटिव्हायरस कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात सहज विकला जातो, कारण व्हायरस लागलेला पीसी घेऊन ग्राहक आधीच काउंटरपुढे उभा असतो. क्विक हील या पुण्याच्या अँटिव्हायरस कंपनीची सुरुवातही तिचे संस्थापक कैलाश काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानातूनच झाली. नव्या, अनोळखी ईआरपीला हे नशीब लाभत नाही. पहिल्या वर्षी डिस्ट्रिब्युटरच्या मागे लागू नका.

टक्क्यांकडे परत येतो, कारण एक टक्का सगळेच विसरतात: रिन्यूअलचा. दुसऱ्या वर्षी पार्टनरला काहीच मिळणार नसेल, तर मुदत संपायच्या महिन्यात तो त्याच ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर दाखवेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. पहिल्या विक्रीवर ३० ऐवजी २५ द्या, पण रिन्यूअलवर १५ ठेवा. पार्टनर नाराजीने सुरुवात करेल, तिसऱ्या वर्षी मात्र जागचा हलणार नाही.

तुम्ही ठरवण्याच्या टप्प्यावर असाल तर माझा सल्ला असा. शिकवावं लागणारं उत्पादन असेल तर एका जिल्ह्यात एकच रिसेलर घ्या आणि त्याच्या पोरांना आधी स्वतः ट्रेनिंग द्या. बाकी जिल्ह्यांत तूर्त कमिशनवर चालवा. लायसन्स कुणीही विकलं तरी ते ग्राहकाच्याच मोबाइल नंबरवर आणि ईमेलवर चालू होईल, अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून ठेवा. पार्टनर उद्या सोडून गेला तर करारातल्या कलमांपेक्षा ग्राहकांच्या नंबरांची ही यादीच कामाला येते.