आठ महिने, दोन काटे आणि हरवलेले तीन वॅट

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी रेडिओचं, पॉवर मीटर घेऊन आठ महिने झाले. दोन काट्यांचं, एका डबीत पॉवर आणि एसडब्ल्यूआर (लोडशी जुळणी किती बिघडलीय त्याचा आकडा, एक म्हणजे उत्तम) दोन्ही दाखवणारं, 4200 रुपयांचं. बाकीची माहिती तुम्हाला पाठ असेल. मला बोलायचंय ते तीन वॅटबद्दल.

जूनमध्ये रेडिओ 10 वॅटवर ठेवून सीडब्ल्यूची, म्हणजे मोर्सची, की दाबली, तर मीटरच्या 20 वॅटच्या रेंजवर काटा 7 वर थांबला. 200 ची रेंज लावली तर 15! रेडिओ तोच, केबल तीच, फक्त बटन सरकवलं. पेट्रोल पंपावर शून्य बघितल्याशिवाय टाकीचं झाकण न काढणारा माणूस मी. झोप कशी लागणार?

दुकानदाराला फोन लावला. "सर, दहा टक्के इकडं तिकडं चालतंय." म्हणलं, दहात तीन म्हणजे तीस टक्के झाले की हो. "सर, टक्के फुल स्केलवर धरतात." पाठवा म्हणाला, पाठवलं. तीन आठवड्यांनी त्याच खोक्यात परत आलं, आत चिठ्ठी: तपासले, ठीक आहे. तपासणीचे 350 रुपये, जायचं-यायचं कुरिअर माझंच. त्या दिवशी हे लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता, तोही उधार.

पण फुल स्केलची गोष्ट खरी निघाली, आणि घेण्याआधी ती कुणीच सांगत नाही. 200 च्या रेंजवर दहा टक्के म्हणजे 20 वॅट. तुम्ही 10 वॅट सोडले आणि काट्याने 30 दाखवले किंवा जागचा हललाच नाही, तरी कंपनी खरीच. आडतीवरच्या काट्यावर मेथीची जुडी तोलल्यासारखं. म्हणून वाचन नेहमी स्केलच्या वरच्या अर्ध्यात यायला पाहिजे. तरी 20 च्या रेंजवर सूट दोनच वॅटची, आणि माझे गेले होते तीन. म्हणलं, आता सापडला!

लढाईला पुरावा पाहिजे म्हणून डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा 50 ओहमचा रेझिस्टर, बनवायला घेतला. आमच्या लातूरच्या गंजगोलाईतल्या दुकानातून आधी पांढरे सिमेंटचे रेझिस्टर आणले आणि तोंडावर पडलो. त्यांच्या आत तारेचं वेटोळं असतं, आरएफला, म्हणजे रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला, ते कॉइलसारखं वागतं, एसडब्ल्यूआर तीनच्या वर. मग एक किलोओहमचे, दोन वॅटचे वीस कार्बनवाले घेऊन समांतर जोडले: 50 ओहम, 40 वॅट. त्यावर शिखराचं व्होल्टेज मोजायला एक 1एन4148 डायोड, एक 0.01 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि साधा मल्टीमीटर. खर्च दीडशेच्या आत. (या डायोडवर 100 वॅट सोडू नका, उलट्या व्होल्टेजने जागेवर उडेल. दहा वॅटला चालतो.)

हिशोब सोपा. 50 ओहमवर 10 वॅट म्हणजे शिखराला 31.6 व्होल्ट. मल्टीमीटरने दाखवले 27.4. डायोडचे 0.6 मिळवून 28. त्याचा वर्ग 784, भागिले 100 (50 ओहमची दुप्पट): 7.8 वॅट.

म्हणजे मीटर बरोबर होतं! खोटं बोलत होता रेडिओ. त्याच्या पडद्यावरचा दहाचा आकडा ही मोजणी नाहीच, मी लावलेली सेटिंग आहे. तेवढी पॉवर खरंच निघाली का, हे कुणी बघितलंय? तीन आठवडे दुकानदाराला शिव्या घातल्या, त्या परत घेतो. 350 रुपयांचा राग मात्र ठेवून घेतो.

परभणीचे एक काका आमच्या हॅमवाल्यांत जुने. त्यांच्याकडं बर्ड कंपनीचं 43 नावाचं वॅटमीटर आहे, 100 वॅटच्या एलिमेंटसह (रेंज ठरवणारा, त्यात बसवायचा तुकडा). दिवाळीत आले तेव्हा पूर्ण पॉवर मोजली. पडदा म्हणे 100, बर्ड म्हणे 85, माझं मीटर 82. काकांनी रेडिओकडं बघितलंच नाही. सप्लायपासून आलेली वायर बोटांत धरली आणि म्हणाले, "अरे, ही तर बल्बची वायर." पूर्ण पॉवरला रेडिओ 20 अँपिअरच्या आसपास ओढतो. की दाबल्यावर रेडिओच्या टोकाला 13.8 चे 12 उरत होते. जाड वायर टाकली, बर्डवर 96.

काका हसून म्हणाले, "दहाचे पावणेआठ झाले म्हणजे एक डेसिबल गेलं. समोरच्याच्या रेडिओवर सिग्नलची ताकद दाखवणारं एक एस युनिट सहा डेसिबलचं. समोरच्याला काय घंटा कळतंय?" किल्लारीच्या भूकंपात, 1993 ला, हॅमवाल्यांनी निरोप पोचवले, ते काका स्वतः बघून आलेले. म्हणाले, तेव्हा बॅटरी किती उरली एवढंच बघायचो.

पटलं. तरी मीटरवर पट्टी चिकटवलीय: "पडदा 10 = खरे 7.8".

एसएसबीवर (आवाजाने बोलायच्या मोडवर) "हॅलो हॅलो" करून पॉवर बघणाऱ्यांना एकच सांगतो, काटा आवाजाची शिखरं पकडत नाही. तिशीत नाचला म्हणून रेडिओ दुरुस्तीला नेऊ नका. की दाबून बघा.

तर चार तारे. पाचवा कापला तो डायलच्या दिव्यासाठी. दिव्याला वेगळे 12 व्होल्ट लागतात, मागं भोक दिलंय, पण त्यात बसणारी पिन खोक्यात नाही. अख्ख्या लातुरात मिळेना. संध्याकाळी लाइट गेली की मी मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून काटे वाचतो.