दिशा बदलताना सरकणारा अक्ष : स्टेपर ड्राइव्हचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या कोरीवकामाच्या मशीनवर स्टेपर मोटर आहे, म्हणजे ठरावीक छोट्या पावलांनी (स्टेप) फिरणारी मोटर, आणि कंट्रोलरच्या सिग्नलनुसार तिला करंट देणारा हा ड्राइव्ह. मोटर शांत चालते, ड्राइव्ह फारसा तापत नाही आणि करंटचे स्विच बाहेरूनच बदलता येतात. याबाबत आजही तक्रार नाही. मात्र बारीक रेघांचे कोरीवकाम सुरू केल्यावर चौकोनाच्या उभ्या कडा एका बाजूला कलू लागल्या.

विक्रेत्याच्या सेवा विभागाने आधी मोटर आणि स्क्रू जोडणारे कपलिंग बदलायला लावले, मग करंट वाढवायला आणि शेवटी वेग कमी करायला सांगितले. कपलिंगचा खर्च पूर्णपणे वाया गेला आणि वेग निम्म्यावर आणूनही कल तसूभर कमी झाला नाही. टॉर्क (फिरवण्याचा जोर) अपुरा पडून स्टेप चुकत असत्या, तर इथे फरक दिसायलाच हवा होता. सूक्ष्म सरकणे काट्यावर दाखवणारा डायल गेज लावून एक्स अक्ष नुसताच पुढे-मागे फिरवला, तेव्हा काटा एकाच बाजूला सरकत गेला. लांब पल्ल्याची एकच फेरी केली, तर तो जागेवर परतत होता. म्हणजे चूक अंतरामुळे नव्हे, दिशाबदलामुळे होत होती.

मोटर एका आवर्तनाला २०० स्टेपची, मायक्रोस्टेप १/८ (एका स्टेपचे आठ भाग, प्रत्येक भागाला कंट्रोलरची एक पल्स) आणि स्क्रूचा पिच, म्हणजे एका आवर्तनात अक्ष सरकण्याचे अंतर, ५ मिमी; म्हणजे मिलिमीटरला ३२० पल्स. दिशेचा सिग्नल उशिरा पोहोचला की पहिली पल्स जुन्याच दिशेने जाते आणि दोन पल्सची तफावत पडते. दोन्ही टोकांना असेच घडले असते तर ती फिटली असती. पण या ड्राइव्हमध्ये दिशेच्या सिग्नलसाठी पीसी८१७ ऑप्टोकपलर (प्रकाशाच्या मदतीने सिग्नल पुढे पोहोचवणारा भाग) आहे, जो चटकन सुरू होतो, बंद व्हायला मात्र वेळ घेतो. त्यामुळे एकाच टोकाला चूक होते आणि ती साचत जाते : फेरीमागे ०.००६२५ मिमी, शंभर फेऱ्यांत ०.६२५ मिमी.

माझ्या कंट्रोलर बोर्डावरचे फर्मवेअर जीआरबीएल दिशेचा पिन बदलताच लगेच पल्स सोडते, म्हणून पल्सची रुंदी मूळच्या १० मायक्रोसेकंदांवरून वाढवून काही साधत नाही. कॉन्फिगरेशन फाइलमधली ‘स्टेप पल्स डिले’ ही बंद ठेवलेली ओळ सुरू करून मी १० मायक्रोसेकंद दिले, फर्मवेअर पुन्हा बोर्डावर चढवले आणि काटा शून्यावर थांबू लागला. हा विलंब आणि पल्सची रुंदी मिळून १२७ मायक्रोसेकंदांपुढे जाता कामा नये.

ड्राइव्ह परत करण्याचा विचार मी सोडला आहे. तरीही दिशेचा सिग्नल पल्सच्या किती आधी हवा, ही एक ओळ मॅन्युअलमध्ये नसणे मला अक्षम्य वाटते. तुमच्या कंट्रोलरमध्ये हा विलंब ठेवण्याची सोय नसेल, तर हा ड्राइव्ह घेऊ नका.