सीट ओरिजिनल होती, तरीही फसलो

सायकलसाठी सेकंडहँड चामड्याची सीट घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा, मग ठरवा. माझे ५,२०० रुपये गेलेत, तुमचे वाचले तर बरं.

माझं रोजचं कोथरूड ते हिंजवडी, जाऊन येऊन साधारण ३५ किमी, शिवाय वर्षातून दोन-तीन मोठ्या राईड. फोमच्या सीट मी तीन बदलल्या. सहा महिने बऱ्या जातात, मग फोम बसतो आणि ८० किमीनंतर उभं राहून पेडल मारावं लागतं. आमच्या ग्रुपमधले जे दादा ६०० ची बीआरएम करतात, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड, ४० तासांत ६०० किलोमीटर, ते सगळे एकच सांगायचे, ब्रूक्स बी १७ घे. १८६६ पासूनची इंग्लंडची कंपनी, आणि बी १७ हे मॉडेल शंभर वर्षांहून जास्त चालतंय. नवी घ्यायची तर खिशाला चांगलीच चाट बसते, म्हणून जुनी शोधायला लागलो.

अभ्यास केला नाही असं अजिबात नाही हं. पन्हाळी पुठ्ठ्यावर बसून बुडाच्या हाडांनी पडलेल्या दोन खळ्या मोजल्या, मधलं अंतर साडेबारा सेंटीमीटर आलं. बी १७ ची रुंदी १७५ मिमी, पण मागची कड म्हणजे लोखंडी पट्टी, तिच्यावर हाडं येऊन चालत नाही, त्यामुळे आतली जागा धरून हिशोब करायचा, तो केला, बसत होतं. हँडल फार उंच ठेवून ताठ बसणाऱ्यांना बी ६७ सारखी रुंद स्प्रिंगवाली सीट लागते हे पण वाचलं होतं. खोटी कशी ओळखायची, बाजूचा ठसा कसा असतो, मागची पाटी कशी असते, सगळं पाठ.

तर जाहिरात दिसली. काळी बी १७, 'फक्त एक सीझन वापरलेली', फोटोत घरातली पांढरी फरशी, काळे ठिपके, कोपऱ्यात निळी बादली. फोन केला तर माणूस एकदम गोड. 'सर मी स्वतः रँडोनर आहे, घरी बाळ आलंय, आता सायकल होत नाही.' रँडोनर म्हणजे असल्या बीआरएम करणारा. मला उगाच वाईट पण वाटलं त्याच्यासाठी. भेट ठरली चांदणी चौकाजवळ संध्याकाळी पावणेसातला, वेळ त्यानेच ठरवली, ते का हे नंतर कळलं. मोबाईलच्या टॉर्चमध्ये ठसा बघितला, पाटी बघितली, सगळं ओरिजिनल. सोबत प्रूफाइडची डबी फुकट दिली, सीटला लावायचं मेण असतं ते. यूपीआय केलं, त्याच्या बाळासाठी शुभेच्छा दिल्या आणि घरी आलो.

आता गंमत बघा. नवी ब्रूक्स बसायला जेवणाच्या पाटासारखी कडक असते, काही शे किलोमीटर गेल्यावर कुठे ती आपल्या हाडांचा आकार घेते. माझी पहिल्याच दिवशी मऊ लागली. मी खूश, म्हटलं वर्षभर वापरलीय ना, म्हणजे त्रासाचा काळ त्या बिचाऱ्याने काढला आणि सुख आपल्याला. दोन दिवसांनी ऑफिसच्या फिकट पँटवर मागे काळे डाग, बायको म्हणाली हे बूट पॉलिश आहे. मी म्हटलं अगं नाही, चामड्याचा रंग जातो सुरुवातीला. आता एक सीझन वापरलेल्या सीटची सुरुवात कसली, पण तेव्हा सुचलं नाही.

जूनच्या शेवटी ताम्हिणीतून दिवेआगरला निघालो. मुळशीपासून पाऊस, सीटवर कॅरीबॅग घातली होती पण ती मांड्यांना घासून फाटलीच. घाट उतरेपर्यंत काहीतरी टोचायला लागलं. माणगावला स्टँडजवळ चहाला थांबलो, सीट मधोमध अंगठ्याने दाबली तर भिजलेल्या पापडासारखी आत गेली आणि खालच्या लोखंडी दांड्यांना टेकली. या सीटमध्ये फोम वगैरे काही नसतो, मागची पट्टी आणि पुढचं नाक यांच्यामध्ये चामडं झोळीसारखं ताणलेलं असतं, बस. सैल पडलं तर नाकाखालचा बोल्ट पान्याने थोडासा फिरवायचा, नाक पुढे सरकतं, चामडं ताणलं जातं. तो फिरवायला गेलो तर आटेच शिल्लक नाहीत. शेवटच्या टोकापर्यंत आधीच आवळून ठेवलेला! एका सीझनमध्ये बोल्ट अर्धासुद्धा संपत नाही हो. दिवेआगर राहिलं, टेम्पोत सायकल टाकून परत.

घराजवळ चपला शिवणारे मामा बसतात, त्यांच्याकडे नेली. त्यांनी ओल्या फडक्याने एकदाच पुसली, फडकं काळं आणि खालून मधासारखा पिवळसर तपकिरी रंग. मग बाजूच्या खालच्या कडेवर सुई फिरवत म्हणाले, 'हे बघा, भोकं.' दोन्ही बाजूंना दोन-दोन, मेण आणि पॉलिशने बुजवलेली. मधे खाच असलेल्या मॉडेलला दोरी ओवायला तिथे भोकं असतात, साध्या बी १७ ला नसतात. म्हणजे चामडं मरून बाजू फाकल्या होत्या, कोणीतरी दोरीने आवळून पण वापरलेली. मामांचं म्हणणं, ती पाण्यात भिजवून, बांधून, आकारात वाळवली आणि वरून काळी केली. कोरडी असेपर्यंत टिकली, पाऊस लागला तशी बसली.

विकणाऱ्याला फोन केला. शांतपणे म्हणाला, 'सर तुम्ही ओरिजिनल आहे का विचारलं, ओरिजिनलच आहे ना?' नंतर नंबर ब्लॉक. खरंय की, मी दहा वेळा तेवढंच विचारलं होतं. आणि ती डबी, तिच्यात प्रूफाइड नव्हतंच, व्हॅसलीन होतं.

त्यामुळे सीट घ्यायची तर दुपारी उन्हात भेटा. उलटी करून नाकाखालचा बोल्ट बघा, किती पुढे आलाय ते. भेटीआधी फोटो मागताना पण खालच्या बाजूचाच मागा, वरचे सगळे छान दिसतात. मधे अंगठा जोरात दाबा, थोडं दबून परत वर आलं पाहिजे. मागून बघा बाजू फाकल्यात का. पांढरा रुमाल ओला करून पुसा, विकणाऱ्याला राग आला तर येऊ दे. आणि सगळं ठीक असलं तरी ती दुसऱ्याच्या हाडांवर बसलेली असते, एक फेरी मारल्याशिवाय पैसे देऊ नका.

परवा परत जाहिरात दिसली. या वेळी तपकिरी, 'फक्त एक सीझन', नाव वेगळं, नंबर वेगळा. फरशी पांढरी, काळे ठिपके, बादली तीच.