स्टेम सेलच्या नावाखाली आमच्या दाजींना कसं लुटलं, वाचा आणि पुढं पाठवा

आमचे दाजी उसाच्या ट्रॉलीवरून पडले, डी-१२ चा मणका मोडला, ऑपरेशन करून रॉड-स्क्रू बसवले पण कमरेखाली जीव नाही. वर्ष उलटून गेल्यावर कुणीतरी सांगितलं की कोल्हापुरात एका हॉटेलच्या हॉलमध्ये मोफत शिबिर आहे, बाहेरच्या शहरातलं सेंटर आहे, स्टेम सेलनं, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशी टोचून, माणसं चालायला लागल्यात.

तिथला माणूस डॉक्टर नव्हता, कोऑर्डिनेटर म्हणे. एमआरआय बघून म्हणाला, आत अजून सूज धुमसतीय, राखेखाली निखारा असतो तशी, स्टेम सेल ती शांत करतील मग नसा जुळतील. जपानमध्ये मान्यता आहे हेपण सांगितलं. साडेचार लाखांचं पॅकेज, त्या आठवड्यात पैसे भरले तर डिस्काउंट. आक्कानं दोन म्हशी विकल्या, गळ्यातलं मोडलं.

कंबरेच्या हाडातून बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, काढलं आणि त्याच दिवशी पाठीतून सुई घालून सोडलं. आठवडाभर ताप, डोकं ठणकतंय, पायाला नुसते झटके. फोन केला तर म्हणाले झटके म्हणजे नसा जाग्या होतायत, आता बूस्टर डोस घ्या, आणखी दीड लाख!

मग इथल्या एका न्यूरोसर्जनना सगळी फाईल दाखवली. ते म्हणाले सुरुवातीची मोठी सूज इजेनंतर काही तासांत सुरू होते आणि काही आठवडे राहते, तिच्यावर संशोधन चालू आहे हे खरं, पण दाजींच्या कण्यात आता जुना व्रण आहे, आणि झटके हे अशा इजेत बऱ्याचदा येतात. जपानचं म्हणाल तर २०१८ ला सशर्त मान्यता मिळाली, तीसुद्धा १३ पेशंटच्या ट्रायलवर (म्हणजे उपचाराची माणसांवरची चाचणी) आणि नव्या इजेसाठी, इजेपासून ३१ दिवसांच्या आत बोन मॅरो काढायचं या हिशोबानं. म्हणजे सेंटरवाल्यांनी शब्द खरे वापरले आणि वर्ष उलटलेल्या पेशंटला विकले, याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

आपल्याकडं आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) २०१७ च्या गाईडलाईन्सनुसार रक्ताच्या ठराविक आजारांतलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच देता येतात, ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात, जाहिरातही करायची नाही. आमच्या पावतीवर काय लिहिलंय बघा, 'रिहॅब पॅकेज'. स्टेम सेलचा शब्द कुठंच नाही. सही घेतलेला इंग्रजी फॉर्म नंतर वाचून घेतला तर त्यात 'प्रायोगिक' असं छापलेलं, आणि ते आक्काला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या पैशात एअर मॅट्रेस, कॅथेटर, दोन-तीन वर्षांची फिजिओथेरपी सहज झाली असती, दाजींना बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, झाला नसता.

ज्यांचं असं झालंय त्यांनी पावत्या, व्हॉट्सॲप मेसेज, कॉल रेकॉर्डिंग काही डिलीट करू नका. जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, हेल्पलाईन १९१५ आहे, डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. आमची तक्रार चालू आहे म्हणून सेंटरचं नाव इथं लिहीत नाही. पण त्यांचं शिबिर परत लागणार असं कळलंय, कुणी जाणार असेल तर आधी सीटीआरआय नंबर, म्हणजे ट्रायलचा सरकारी नोंदणी नंबर, मागा, तो सरकारी साईटवर फुकट तपासता येतो, आणि ट्रायल असेल तर पैसे कशाचे घेता हे चार लोकांसमोर विचारा.