जुनं बेसबॉल की नवं?

१९६८ मध्ये सेंट लुईस संघाच्या बॉब गिब्सन या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) ३४ मॅचेस सुरू केल्या आणि त्यातल्या २८ स्वतःच संपवल्या, आता पिचर पाच-सहा इनिंग टाकतो की लगेच बुलपेनमधून (राखीव पिचर तयारी करतात ती जागा) दुसरा येतो, कारण तिसऱ्यांदा समोर आलेला बॅटर त्याला ओळखून असतो हे आकडेवारीनं दाखवलंय. पटतं, पण एकट्याच्या जिद्दीची ती मजा गेली याचं मला खरंच वाईट वाटतं.

अमेरिकेच्या मेजर लीगचे २०२३ चे नियम मात्र मला मनापासून आवडले!! पिच क्लॉकमुळे (चेंडू टाकायला ठरलेला वेळ मोजणारं घड्याळ) तीन तासांची मॅच साधारण २ तास ४० मिनिटांवर आली, बेस (धावताना गाठायच्या चौकोनी गाद्या) १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले, आणि जुन्या काळासारखी बेस चोरायची (पिचर चेंडू टाकत असतानाच पुढचा बेस पळून गाठायची) धावपळ परत आली, अटलांटाच्या रोनाल्ड अकुन्यानं तर त्याच सीझनला ७३ चोरले.